लिंबूटिंबूंचे साल

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'तुझ्या क्षेत्रातले काहीतरी लिही' असा निरोप पाठवला. माझे क्षेत्र म्हणजे विक्री. चौतीस वर्षे साबण, पावडर, तेल अशा घरगुती वस्तू दुकानदारांच्या फळीवर पोहोचवण्यात गेली. पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, खानदेश इथले आठवडी बाजार पालथे घातले. मार्केटिंगचे नियम सांगणारी पुस्तके बाजारात पुष्कळ आहेत. त्यांत आणखी दोन पानांची भर घालण्याची माझी इच्छा नाही. आपल्या इतिहासाच्या बाई म्हणायच्या, "सनावळ्या पाठ करू नका, कारणे शोधा." तेव्हा एका सालाची कारणे शोधायचा प्रयत्न करतो. साल आहे १९८३. त्या जूनमध्ये आपण दहावीच्या वर्गात बसलो, म्हणून ते निवडले असे कोणाला वाटेल. ते खरे आहेच, पण तेवढेच कारण नाही.

लहानपणी विषामृत किंवा लपंडाव खेळताना कोणाचा तरी धाकटा भाऊ मागे लागायचा. त्याला घ्यावे तर लागे, पण त्याच्यावर राज्य येत नसे. तो लिंबूटिंबू. तो धावतो, ओरडतो, खेळात असतो. पण मोजणीत नसतो. त्याच्याकडे कोणी लक्ष ठेवत नाही. १९८३ च्या आसपास आपल्या देशात असे तीन लिंबूटिंबू होते. एक लंडनच्या मैदानावर होता, एक अहमदाबादेत, आणि एक तामिळनाडूतल्या कडलूरला. तिघांचाही एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण तिघांचीही गोष्ट एकाच पद्धतीने घडली, असे मला इतक्या वर्षांच्या धंद्यानंतर वाटते.

लॉर्ड्सच्या आधी

त्या विश्वचषकाआधी भारताची कामगिरी काय होती, ते आधी पाहू. १९७५ आणि १९७९ या दोन स्पर्धांत मिळून भारत सहा सामने खेळला आणि एक जिंकला. तोही पूर्व आफ्रिकेविरुद्ध. १९७५ मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडने ३३४ धावा केल्या, तेव्हा आपल्या गावसकरांनी पूर्ण ६० षटके खेळून नाबाद ३६ केल्या होत्या. १९७९ मध्ये तर ज्या श्रीलंकेला अजून कसोटीचा दर्जाही मिळाला नव्हता, त्यांनी आपल्याला हरवले. म्हणून १९८३ च्या स्पर्धेआधी इंग्लंडमधल्या सट्टेबाजांनी भारताचा भाव ६६ ला १ ठेवला. 'विस्डेन क्रिकेट मंथली'चे संपादक डेव्हिड फ्रिथ यांनी तर अशा संघांना स्पर्धेत ठेवावे का, असाच सूर लावला होता. पुढे एका वाचकाच्या आग्रहावरून त्यांनी आपला लेख छापलेला कागद खरोखर चावून खाल्ला आणि त्याचा फोटो आपल्याच मासिकात छापला. शब्द मागे घेण्याची इतकी प्रामाणिक पद्धत मी दुसरी पाहिलेली नाही.

समोर वेस्ट इंडीज होते. आधीच्या दोन्ही विश्वचषकांचे विजेते. रॉबर्ट्स, होल्डिंग, गार्नर, मार्शल असे चार वेगवान गोलंदाज. ग्रीनिज, हेन्स, रिचर्ड्स, लॉइड असे फलंदाज. विश्वचषकाच्या सामन्यात ते तोवर एकदाही हरलेले नव्हते.

आता कारणे. पहिले कारण जून महिन्यात सापडत नाही, मार्चमध्ये सापडते. २९ मार्च १९८३ रोजी गयानातल्या बर्बिस भागात, वेस्ट इंडीजच्या घरच्या मैदानावर, भारताने ४७ षटकांत २८२ धावा केल्या. गावसकर ९०, कपिल देव ३८ चेंडूंत ७२. भारत २७ धावांनी जिंकला. भारतात त्याची फारशी चर्चा झाली नाही, जगात तर अजिबातच नाही. पण ड्रेसिंग रूममधल्या अकरा-बारा जणांना एक गोष्ट कळली: हे लोक हरू शकतात. ९ जूनला मँचेस्टरला पहिला सामना सुरू झाला, तेव्हा जगासाठी तो एकतर्फी सामना होता. यशपाल शर्माने ८९ काढल्या, भारताने २६२ केल्या आणि दुसऱ्या दिवशी वेस्ट इंडीज २२८ वर बाद झाले. जगाला वाटले अपघात झाला. पण तो दुसरा विजय होता. पहिल्याची कोणी नोंदच घेतली नव्हती.

दुसरे कारण संघाच्या रचनेत आहे. आपल्याकडे त्यांच्यासारखे वेगवान गोलंदाज नव्हते. होते ते मध्यमगती: मदनलाल, रॉजर बिन्नी, बलविंदरसिंग संधू, मोहिंदर अमरनाथ. एरवी ही उणीवच म्हटली असती. पण इंग्लंडमधल्या जूनच्या हवेत चेंडू हलतो आणि खेळपट्टीवर पडून वळतो. वेगावर पोसलेल्या फलंदाजांना या मंद चेंडूला वेग स्वतःच द्यावा लागला. स्पर्धेत सर्वाधिक १८ बळी बिन्नीने घेतले आणि मदनलालने १७. उपांत्य सामन्यात इंग्लंडचा धावफलक कोणी अडवला ते पाहा: अमरनाथ आणि कीर्ती आझाद या दोघांनी मिळून २४ षटकांत फक्त ५५ धावा दिल्या. आझादच्या चेंडूवर बोथमचा त्रिफळा उडाला. या दोघांसाठी इंग्लंडने वेगळी तयारी केली असेल, असे मला तरी वाटत नाही.

तिसरे कारण असे की या संघात एकच काम करणारे खेळाडू कमी होते. आठव्या, नवव्या क्रमांकावर येणाराही थोडीफार फलंदाजी करू शके. १८ जूनला टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध ५ बाद १७ अशी अवस्था झाली. कपिलच्या नाबाद १७५ सर्वांना पाठ आहेत. १३८ चेंडू, १६ चौकार, ६ षटकार. पण त्या डावातली दुसरी माणसे विसरू नका. बिन्नीच्या २२, मदनलालच्या १७, आणि यष्टिरक्षक किरमाणीच्या नाबाद २४. नवव्या जोडीने १२६ धावांची अखंड भागी केली. किरमाणी टिकला नसता तर कपिलच्या खेळीची आज आठवणही राहिली नसती. विक्रीच्या धंद्यात आम्ही ज्याला 'स्टार' म्हणतो त्याच्या मागे असाच एक किरमाणी उभा असतो. आकडे त्याच्या नावावर लागत नाहीत.

२५ जूनचा अंतिम सामना. १८३ वर सगळे बाद. त्यातही शेवटच्या जोडीने, किरमाणी आणि संधूने, २२ धावा जोडल्या होत्या. मग संधूचा तो आत येणारा चेंडू: ग्रीनिजने बॅट वर उचलून सोडला आणि त्रिफळा उडाला. रिचर्ड्स आला आणि २८ चेंडूंत ३३ करून गेला. कपिलने मागे पळत घेतलेला तो झेल. वेस्ट इंडीज १४०. अमरनाथने १२ धावांत ३ बळी घेतले, तेही अशा वेगाने की आपल्या मैदानावर पाहिला असता तर आपणच म्हटले असते, 'हा कसला बॉलर!'

आपल्यापैकी फार थोड्यांच्या घरी तेव्हा टीव्ही होता. शनिवारी रात्री रेडिओला कान लावून बसलेले काही जण, आणि उरलेल्यांना रविवारचे वर्तमानपत्र. सोमवारी वर्गात गणिताच्या सरांनी फळ्यावर '१८३ – १४० = ४३' एवढेच लिहिले आणि पुढचे प्रमेय सुरू केले. ते आठवणारे आपल्यात अजून दहा-बारा जण तरी असतील.

पिवळी पावडर

दुसऱ्या लिंबूटिंबूची सुरुवात १९६९ ची. करसनभाई पटेल गुजरात सरकारच्या खाण व भूगर्भ विभागात रसायनतज्ज्ञ होते. नोकरी सांभाळून अहमदाबादेत घराच्या मागच्या बाजूला त्यांनी कपडे धुण्याची पावडर बनवायला सुरुवात केली आणि सायकलवर लादून दारोदार विकली. नाव ठेवले निरमा, आपल्या मुलीच्या, निरुपमाच्या, नावावरून.

त्या वेळी धुण्याच्या पावडरीचा बाजार म्हणजे सर्फ. हिंदुस्थान लिव्हरने सर्फ १९५९ मध्ये भारतात आणली होती. पण ती कोण वापरत होते? शहरातली, पगारदार, बऱ्या स्थितीतली घरे. बाकीचा देश साबणाची वडी घासून आणि कपडा दगडावर धोपटून धुणे धूत होता. आपल्या गावातल्या नदीच्या घाटावरचा तो आवाज आठवा. त्या बायका सर्फच्या गिऱ्हाईक नव्हत्याच. मोठ्या कंपनीच्या हिशेबात त्या बाजारातच नव्हत्या.

निरमाची किंमत सर्फच्या एक तृतीयांशाहूनही कमी होती. इतकी कमी का, याचे उत्तर साधे आहे. तिच्यात सुगंध आणि महागडी द्रव्ये नव्हती, सोडा अधिक होता. ती हातांनी मिसळून बनत असे; मोठी यंत्रे नव्हती, त्यामुळे कारखान्याचा खर्च नव्हता आणि छोट्या उद्योगाला मिळणारी अबकारी करातली सूट होती. हाताची आग होते अशी तक्रार बायका करत, आणि ती खोटी नव्हती. पण वडीने धुतलेल्या कपड्यापेक्षा या पावडरीत कपडा स्वच्छ निघे, आणि कमी श्रमांत निघे. निरमाची तुलना लिव्हरवाले सर्फशी करत होते आणि हसत होते. घाटावरची बाई तिची तुलना वडीशी करत होती. माझ्या मते सगळा इतिहास या एका फरकात आहे.

पुढे १९७० च्या दशकात रेडिओवर आणि १९८२ मध्ये दूरदर्शनवर तिची जाहिरात आली. पांढऱ्या फ्रॉकमधली गोल गिरकी घेणारी मुलगी आणि ते गाणे. ते मी इथे लिहीत नाही, कारण वाचताच तुम्ही ते गुणगुणायला लागाल आणि लेख बाजूला राहील. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत निरमा देशात सर्वाधिक खपणारी धुण्याची पावडर झाली होती.

मग मोठ्याला जाग आली. लिंटास या जाहिरात संस्थेत अ‍ॅलिक पदमसी यांनी ललिताजी उभ्या केल्या. कविता चौधरी यांनी ती भूमिका केली. भाजी घेताना घासाघीस करणारी, पण स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला फरक जाणणारी चतुर गृहिणी. त्या जाहिरातीचे कौतुक आजही होते. मी विक्रेता म्हणून तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. देशातली सर्वांत मोठी साबण कंपनी स्वतःची किंमत का जास्त आहे हे ग्राहकाला समजावून सांगू लागली, म्हणजे सायकलवाल्याने तिला खुलासा द्यायला लावला होता.

एका डोक्यापुरती पुडी

तिसरी गोष्ट खास १९८३ ची. कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पुडीत विकण्याची कल्पना आधीच मांडली होती. बाटली विकत घेणे ज्याला परवडत नाही, त्याने एका आंघोळीपुरता शाम्पू घ्यावा. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन घरच्या व्यवसायातून बाहेर पडले आणि १९८३ मध्ये पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर 'चिक' हा शाम्पू सुरू केला. नाव वडिलांच्या नावाच्या अद्याक्षरांवरून.

दुकानात जागा मिळेना, तेव्हा त्यांनी योजना काढली: कोणत्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणा आणि चिकची एक पुडी फुकट घ्या. लोक दुसऱ्यांच्या पुड्या घेऊन आले. काही महिन्यांनी नियम बदलला: आता फक्त चिकच्याच रिकाम्या पुड्या चालतील. तोवर हातात चिक बसला होता. गावोगाव त्यांची माणसे जात, जमलेल्या गर्दीसमोर एखाद्या पोराचे डोके शाम्पूने धुऊन देत आणि लोकांना केसांवरून हात फिरवून पाहायला सांगत. १९९९ मध्ये पन्नास पैशांची पुडी आली.

मी नोकरीला लागलो तेव्हा आठवडी बाजारातल्या दुकानांपुढे या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. लग्नसराईत, जत्रेच्या आदल्या दिवशी, पोळ्याला, त्या माळा संपत. एक दुकानदार मला म्हणाला होता, "साहेब, बाटली श्रीमंत घेतो आणि महिनाभर पुरवतो. पुडी गरीब घेतो आणि सणाला घेतो. पण सण सगळ्यांनाच असतात." शाम्पू तोच होता, बदलले होते ते माप. आज मोठमोठ्या परदेशी कंपन्याही पुड्या विकतात.

राज्य आल्यावर

इथपर्यंतची गोष्ट आनंदाची आहे आणि पुष्कळ लेख इथेच थांबतात. 'जिद्द असेल तर काहीही शक्य आहे' असे लिहून खाली सही करतात. पण बाईंनी कारणांबरोबर परिणामही विचारले असते.

लिंबूटिंबू जिंकला की तो लिंबूटिंबू राहत नाही. आता त्याच्यावरही राज्य येते. लॉर्ड्सनंतर काही महिन्यांतच वेस्ट इंडीज भारतात आले. एकदिवसीय मालिका त्यांनी ५–० ने घेतली आणि सहा कसोट्यांची मालिका ३–० ने. आता ते तयारी करून आले होते. निरमाचेही तेच झाले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थान लिव्हरने 'व्हील' आणली: स्वस्त, हाताला कमी त्रास देणारी, आणि लहान लहान कारखान्यांकडून बनवून घेतलेली. म्हणजे निरमाचीच रीत, निरमाची उणीव काढून. कालांतराने व्हीलने निरमाला मागे टाकले.

तेव्हा जिंकण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा की, मोठ्याचे लक्ष जाईपर्यंतच्या त्या थोड्या वेळात आपण काय उभे केले? निरमाने साबण, सोडा अ‍ॅश, रसायने यांचे कारखाने उभे केले, म्हणून पावडरीत मागे पडूनही ती टिकली. आणि क्रिकेटच्या बाबतीत उभे करणारा माणूस आपल्या महाराष्ट्रातला होता. नागपूरचे एन. के. पी. साळवे तेव्हा क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते. अंतिम सामन्याचे जादा पास मागितले तर मिळाले नाहीत, हा किस्सा त्यांनीच पुढे सांगितला. तोवरचे तिन्ही विश्वचषक इंग्लंडमध्ये झाले होते. साळवे यांनी पाकिस्तानला बरोबर घेतले आणि छोट्या सहयोगी सदस्य देशांची मते गोळा केली. या छोट्या देशांना तोवर कोणी फारसे विचारत नव्हते. तेही लिंबूटिंबूच! १९८७ चा विश्वचषक भारत-पाकिस्तानात झाला, रिलायन्सच्या प्रायोजकत्वाने. आपण उपांत्य सामन्यात वानखेडेवर इंग्लंडकडून हरलो, पण स्पर्धेवरची इंग्लंडची मक्तेदारी संपली.

तेव्हाच्या मंडळाची स्थिती लक्षात घ्या. १९८३ च्या विजेत्यांना बक्षीस द्यायला पैसे नव्हते, म्हणून लता मंगेशकरांनी दिल्लीत विनामूल्य कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देण्यात आले. सामने दाखवण्यासाठी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत मंडळच दूरदर्शनला पैसे मोजत होते. आज हे सांगितले तर आपल्या नातवंडांना खरे वाटत नाही.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण, आणि ते आपल्या गावापासून फार लांबचे नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जगाच्या कुस्तीत भारत लिंबूटिंबू होता आणि त्यांनी तो डाव साधला. आपण त्यावर काय उभे केले? दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले, लिअँडर पेसच्या रूपाने. चव्वेचाळीस वर्षे! खाशाबा १९८४ च्या ऑगस्टमध्ये अपघातात गेले. आपण दहावी उत्तीर्ण होऊन कॉलेजात नुकते रुळत होतो. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. पदकाचे मोल लॉर्ड्सच्या चषकापेक्षा तसूभरही कमी नव्हते. पण १९५२ नंतर त्यांच्यामागे कोणी साळवे उभे राहिले नाहीत. होते ते एक प्राचार्य, आणि त्यांचे गहाण पडलेले घर.

आणि आपली शाळा

मित्रमैत्रिणींनो, हा लेख इतक्यावर संपवला असता तरी चालले असते. पण या मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत एक विषय ठेवलेला आहे आणि त्याबद्दल बोलायचे सोडून मी क्रिकेटच्या गप्पा मारत बसलो, तर आपल्या गुरुजनांना ते आवडणार नाही.

आपण पाचवीत आलो तेव्हा पाचवीच्या चार तुकड्या होत्या. आज एक आहे आणि तीही भरत नाही. गावाबाहेरच्या रस्त्यावर दोन मोठ्या इंग्रजी शाळा झाल्या. त्यांच्या पिवळ्या बस आपल्या फाटकासमोरून मुले घेऊन जातात. पट असाच घसरत राहिला तर शिक्षकांची पदे कमी होतील आणि मग शाळा म्हणून फक्त इमारत राहील. माजी विद्यार्थ्यांनी जमवलेला निधी कशावर खर्च करावा, हा बैठकीचा विषय आहे. आलेल्या सूचना मी वाचल्या: बस घ्यावी, टाय-बुटाचा गणवेश करावा, दर्शनी भागाला काच लावावी, नावात 'इंटरनॅशनल' घालावे.

या सूचना करणाऱ्यांचे शाळेवरचे प्रेम माझ्यापेक्षा कमी नाही. पण चौतीस वर्षांच्या अनुभवाने एवढे सांगतो की, या सगळ्या सूचना म्हणजे मार्शल-होल्डिंगशी वेगाने गोलंदाजी करण्याची स्पर्धा आहे. काच त्यांच्याकडे जास्त आहे, बस त्यांच्याकडे जास्त आहेत, आणि उद्या आपण एक घेतली तर ते दोन घेतील. त्यांच्या गिऱ्हाइकाला आपल्याकडे वळवण्यात आपला सगळा निधी दोन वर्षांत संपेल.

त्यांचे लक्ष कुठे नाही, ते पाहू. औद्योगिक वसाहतीत कामाला आलेली कुटुंबे, ऊसतोडीनंतर इथेच राहिलेली घरे, बांधकामावरची मुले. ज्यांच्या घरातून कोणीतरी पहिल्यांदाच शाळेत येणार आहे, अशी मुले. त्यांची फी परवडण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे त्या शाळांच्या हिशेबात ती नाहीत. घाटावरच्या बायका सर्फच्या हिशेबात नव्हत्या, तशीच. या घरांची तुलना काचेच्या इमारतीशी नाही, 'शाळाच नाही' याच्याशी आहे. त्यांना काय हवे? घरी शिकवायला कोणी नसते, म्हणून संध्याकाळी दिवे लावून बसता येईल असा अभ्यासवर्ग. आई-वडील कामावर असताना धाकट्या भावंडाला सांभाळणारा बालवर्ग, म्हणजे मोठ्या बहिणीची शाळा बुडणार नाही. मधल्या वर्षी गावाकडून आलेल्या मुलाला कागदपत्रांवरून परत न पाठवता आधी वर्गात बसवणे आणि दाखला मागाहून आणवणे. चिकने दुसऱ्यांच्या पुड्या चालवून घेतल्या, तसे. आणि पहिले वर्षभर आपण माजी विद्यार्थ्यांनीच त्या वस्त्यांवर जायचे. जाहिरात करण्यासाठी नको. तिथे बसून एखाद्या पोराला पाढे शिकवायचे आणि आईबापांना ते पाहू द्यायचे.

आपली शाळा उभी राहिली, तेव्हाही तिने हेच केले होते. आपल्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक जणांच्या घरी दहावीपर्यंत पोहोचलेला तो पहिलाच होता. मीही त्यांतलाच. आपण तेव्हा कोणाच्या मोजणीत नव्हतो, आणि शाळेने आपल्याला मोजले.

एक इशारा मात्र आत्ताच देऊन ठेवतो. हे जमले, दोन-तीन वर्षांत पट वाढला, की त्या मोठ्या शाळांचेही लक्ष जाईल. तेही सवलतीची तुकडी काढतील, संध्याकाळचा वर्ग काढतील. तो दिवस आला तर पेढे वाटा, कारण त्या मुलांना दोन दारे उघडी होतील. पण तोवर आपल्या अभ्यासवर्गाला कायमचा निधी, शिकवायला तयार माणसांची यादी आणि आपल्यानंतरच्या तुकड्यांची साथ, एवढे उभे राहिलेले असायला हवे. नाहीतर आपला विजयही हेलसिंकीसारखा होईल: पुतळ्यापुरता, आणि पुढच्या चव्वेचाळीस वर्षांसाठी एकटा.

बैठक रविवारी सकाळी दहाला, जुन्या प्रयोगशाळेत आहे. गणिताचे सर येणार आहेत असे कळते. तेव्हा आकडे नीट करून या.